भट्टी कुठं ठेवायची

विश्वंभरचं लग्न झालं ते २०२५ साल. हट्ट्यात मांडव पडला. नवरदेवाचा आजोबा ग्यानबा पहिल्या रांगेत बसला होता. त्याच्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली, आणि गावात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. ग्यानबा आणि त्याच्या बायकोचा, चतुराबाईचा, अबोला गावाला पाठ होता.

चौथ्या दिवशी विश्वंभर आणि राजनंदिनी तिच्या माहेरी गेले. घर शांत झालं. थोरली नात प्रतिक्षा अजून सुटीवर होती.

प्रतिक्षा विशाखापट्टणमला जहाजांचे आराखडे करणाऱ्या कचेरीत होती. हातभर लांबीचा जहाजाचा नमुना तिनं सोबत आणला होता. ग्यानबानं तो जनावरांच्या हौदात सोडला आणि काठावर बसून बघत राहिला.

"डिझेल न्हाई म्हणतीस. मग चालतं कशावर?"

"अणुभट्टीवर, आबा. मालाचं जहाज. एकदा इंधन भरलं की कैक वर्षं बघायचं काम न्हाई. भट्टीनं वाफ, वाफेवर वीज, विजेवर पाणी ढकलायचा पंखा."

"म्हंजी आपला हळद शिजवायचा बॉयलरच की."

"तसाच. फक्त भट्टी बंद केली तरी आतली धग लवकर जात न्हाई."

"ती हळदीच्या ढिगाची बी जात न्हाई. मग अडलं कुठं?"

"भट्टी कुठं ठेवायची, तिथंच. मागं पंख्याजवळ ठेवली तर जागा वाचती, माल जास्त मावतो. पण माणसांच्या खोल्या बरोबर तिच्या डोक्यावर येतात. मधोमध ठेवली तर दुसरं जहाज कुशीत घुसायची भीती."

ग्यानबानं काठी उचलली आणि नमुन्याच्या कुशीत ढोसली. नमुना कलला, डोलला, सावरला.

"तुझ्या आजीला इचार," तो म्हणाला. "तिला लई कळतं."

प्रतिक्षा हसली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, थोडी थांबली आणि परत आली.

"आजी म्हणती, मधीच ठेव. बाहेरचा पत्रा अन् भट्टी, यांच्यात बैलगाडी वळंल एवढी जागा सोड. अन् माणसं एका टोकाला."

"तिनं समुद्र कवा पाह्यला? इसापूरचं धरण पाह्यलं, ते बी एसटीच्या खिडकीतून."

प्रतिक्षा पुन्हा जाऊन आली.

"म्हणती, समुद्र न्हाई पाह्यला. पण बॉयलर कुठं ठेवू नये ते पाह्यलंय."

ग्यानबानं नजर हौदाकडं वळवली. प्रतिक्षाच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चकाकता डाग होता. तिकडं तो सहसा बघत नसे.

ती सहा वर्षांची असताना ग्यानबानं जुन्या टाकीचा बॉयलर स्वतः जोडला होता. लाकडं आणायला सोपं म्हणून ओसरीच्या भिंतीला लावला. चतुराबाई म्हणाली, इथं लेकरू खेळतं, लांब न्या. तो म्हणाला, काही होत न्हाई. तिसऱ्या दिवशी झडप उडाली. दवाखान्यातून आल्यावर चतुराबाई नातीला म्हणाली, "सांग त्यांना. एकदा आपल्या तोंडानं म्हणा, चुकलं. मग बोलते." ते काही त्याच्या तोंडून निघालं नाही. तेव्हापासून दोघांचे निरोप प्रतिक्षानंच नेले. दुसऱ्या कुणाच्या हाती ग्यानबानं निरोप दिला नाही. नात सुटीवर आली की त्याच्याकडं साठलेले असायचे.

तेवढ्यात शेजारचा खेमा लग्नातली सतरंजी परत द्यायला आला. निरोप थांबले. खेमानं हौदात डोकावून पाहिलं.

"पोरगी अणुबॉम्बचं जहाज करून राहिली म्हणं?"

"बॉम्ब न्हाई, भट्टी," ग्यानबा म्हणाला. "तुझ्या डोस्क्यापेक्षा थंड ऱ्हाती."

खेमा हसत गेला. प्रतिक्षानं चहा केला आणि दोन कप घेऊन हौदाच्या काठावर येऊन बसली.

"आबा, कोरियाला बोलावलंय मला. दोन वर्षं. तिथं हेच जहाज खरं बनणार. सोमवारपर्यंत कळवायचंय."

"मग जा की. इचारतीस काहून?"

"तुमचे निरोप कोण नेणार?"

ग्यानबानं बशीत चहा ओतला आणि तसाच धरून ठेवला.

"राजनंदिनीला सांगून जाऊ?"

"नव्या सुनेला? ती पळून जाईल माहेरी."

दोघंही हसली. हौदातला नमुना वाऱ्यानं काठाला येऊन टेकला.

"तू न्हाई म्हणून कळवणार हायस," ग्यानबा म्हणाला. "आमच्यापायी."

प्रतिक्षानं कप खाली ठेवला.

"जा, आजीला इचारून ये."

या वेळी ती आत बराच वेळ थांबली. बाहेर आली तेव्हा पदरानं डोळे पुसत होती.

"आजी म्हणती, हे मी न्हाई सांगणार. त्यांनाच येऊन इचारू दे."

ग्यानबानं बशी खाली ठेवली. काठी टेकत उठला. वहाणा ओसरीवर काढल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. बावीस वर्षांत तो तिथं उभा राहून बोलला नव्हता.

"चतुरे," तो म्हणाला. "बॉयलर भिंतीला लावाय नको व्हता. तू सांगत व्हतीस. चुकलं माझं."

चौकट धरून तो तसाच थांबला.

"पोरगी लांब चालली. आता मधी कुणी न्हाई. आपलं आपल्यालाच बोलावं लागंल."

आतून आवाज आला नाही. ग्यानबानं मान जरा कलती केली, ऐकणाऱ्यानं करावी तशी. मग तो ओसरीवर आला.

"काय म्हणली?" प्रतिक्षानं विचारलं.

"जा म्हणती. अन् बैलगाडीएवढी जागा सोडाय इसरू नको म्हणती."

चतुराबाई २०१९ साली, पोळ्याच्या करीच्या दिवशी वारली.