निघालेली वायर

शाळेतलं इंटरनेट इतकं रडतखडत चालायचं, की मुलांना चित्रकलेचा प्रोग्रॅम मिळेपर्यंत तास संपून जायचा. म्हणून संगणक शिकवणाऱ्या मावशीने भाचीला हाताशी धरून संगणकाला हुकूम देणारी एक स्क्रिप्ट लिहिली. दूरच्या सर्व्हरवरचा लिनक्सच्या प्रोग्रॅमांचा अख्खा साठा ती स्क्रिप्ट शाळेच्या मशीनवर जसाच्या तसा उतरवून घेणार होती.

आठवडाभर स्क्रिप्ट मध्येच मान टाकत होती. आज मात्र भर दुपारी पडद्यावर उमटलं, ‘काम पूर्ण’.

मावशीने भाचीला धरून गरकन फिरवलं. मुलांनी बाकं बडवून वर्ग डोक्यावर घेतला. चित्रकलेचा प्रोग्रॅम सगळ्यांकडे चुटकीसरशी उघडला.

हसता हसता भाची थांबली. “मावशी, इंटरनेटची वायर कुणी काढली?”

“सकाळी केर काढताना मीच. तू परत लावलीस ना?”

“मी कुठे लावली!”

वायर भिंतीपाशी नुसती लोंबत होती.

“मग हे आलं कुठून?”

“कुठून का येईना, आलं ना!” मावशीला हसू आवरेना. भाचीलाही पुन्हा हसू फुटलं.

तेवढ्यात स्क्रिप्ट आपणहून सुरू झाली. आता फायली शाळेतून बाहेर निघाल्या होत्या. एकेक नाव पडद्यावरून सरकू लागलं. उडणारी बस. झोपलेला डोंगर. हिरवी मांजर.

“अगं, कुणीतरी आपल्या पोरांची चित्रं नेतंय!” मावशीने टाळी वाजवली.

भाचीने मुलांकडे पाहिलं. सगळे पडदे अजून कोरे होते.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. “ताई, मांजर हिरवी काढली तर चालेल?”