घाटावरची सोयरीक

"एकबी थाप माराची नाई, नातीची सोयरीक मोडन," सुगंधाबाईनं नवऱ्याला बजावलं होतं. म्हणून गुणवंतराव मुलाकडच्या पाहुण्यांना वैनगंगेकाठची जुनी घाटवस्ती दाखवताना जिभेला गाठ मारून चालले होते. सागवानी खांबांची घरं आली, लाकडाची वखार आली. ते नुसतं नाव सांगत, पुढं सरकत. पोटात थापा उसळत होत्या. घाटाच्या भिंतीतली लोखंडी कडी पाहून मुलाचे आजोबा थांबले. "हे कायले जी?" "नावा-डोंगे बांधाले." "बस? आमच्या घाटावर अशा कडीले माह्या आज्यानं मगर बांधली होती. म्हशीसंग चराले जाये." मागून येणाऱ्या सुगंधाबाईनं डोळे मिटले. गुणवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "दूध किती देत होती?" "दूध कमीच, भाऊ. पण तूप रवाळ निघे." गुणवंतरावांनी सोयऱ्याला पायरीवर बसवलं. "साखरपुड्याची तारीख तूच काढ," ते बायकोला म्हणाले. "आमाले इथी उशीर लागन."