शब्द टाकणारा भाऊ

“काका, तुम्ही फक्त हे सगळं खोटं आहे एवढंच म्हणा. पुढचं आम्ही बघून घेऊ,” असं म्हणत सदफनं काकासाहेबांच्या शर्टाला माईक लावला.

औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या मोटारपंपाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सदफ वकील होती, शिवाय विरोधी पक्षाची शहर प्रवक्ती. ती दोन कॅमेरेवाले घेऊन आली होती, आणि गल्लीतली रिकामटेकडी मंडळी फुकटचा तमाशा बघायला दारात जमली होती. काकासाहेबांचे धाकटे भाऊ न्यायमूर्ती रामकिसन सर्वोच्च न्यायालयात जाणार म्हणून करमाडला, त्यांच्या गावी, पेढेसुद्धा वाटून झाले होते. पण न्यायाधीशांनी सुचवलेलं हे नाव सरकारनं परत पाठवलं. गुप्त चौकशीचा अहवाल चांगला नाही म्हणे. त्या गुप्त अहवालाचे तुकडे आज सकाळपासून सगळ्या वाहिन्यांवर फिरत होते. सत्ताधारी म्हणत होते, हा माणूस नातेवाइकांची कामं करतो. विरोधक म्हणत होते, सरकारविरुद्ध निकाल दिला म्हणून हे कुभांड रचलंय. रामकिसन माणूस कसा आहे, याच्याशी दोघांनाही काडीचं देणंघेणं नव्हतं.

काकासाहेबांना होतं. भाऊ कसा आहे ते त्यांच्याइतकं कुणीच सोसलं नव्हतं. बावीस वर्षं न्यायाधीश असून त्यानं घरच्यांसाठी कधी कुणाला एक फोन केला नाही. शेताच्या वाटेचा वाद अकरा वर्षं चालला, पण हा ढिम्म. पुतण्याच्या, म्हणजे काकासाहेबांच्या सार्थकच्या नोकरीसाठी एक शब्द टाक म्हटलं, तर यानं सरळ फोन ठेवून दिला. तेव्हापासून चार वर्षं दोघं भाऊ बोलत नव्हते. जज भाऊ असून तुम्हाला उपयोग काय, असं गावातले लोक तोंडावर विचारायचे आणि काकासाहेब मान खाली घालायचे. आज मात्र त्यांना त्याच गोष्टीचा अभिमान वाटत होता. माझा भाऊ कुणाचं काम करत नाही, माझंसुद्धा करत नाही, हे छाती ठोकून सांगायला ते उतावीळ झाले होते.

सदफनं पूर्ण अहवालाचा कागद काढला. मी एकेक मुद्दा वाचते, तुम्ही उत्तर देत चला, असं तिनं सांगितलं. अहवालात ही माहिती ‘निकटच्या नातेवाइकाकडून’ मिळाल्याचं लिहिलं होतं. त्या नातेवाइकाचा काकासाहेब सकाळपासून उद्धार करत होते. चुलतभावांपैकीच कुणीतरी असणार, जिभेला हाड नसलेला.

पुतण्याला नोकरी लावून दिली, असं तिनं वाचलं. साफ खोटं, काकासाहेब म्हणाले. शेताची अडवलेली वाट एका दिवसात मोकळी करून दिली. तेही खोटं. मग तिनं तिसरा मुद्दा वाचला.

“‘आमच्या घराशी सोयरीक केली, तर जन्मात कोर्टाची भीती राहायची नाही.’”

काकासाहेबांनी तिच्या हातातला कागद ओढून घेतला आणि ती ओळ स्वतः वाचली. ते वाक्य त्यांचंच होतं.

दोन महिन्यांपूर्वी एक चष्मेवाला माणूस दुकानात आला होता. त्यानं दोन पंप बघितले आणि मग हळूच घरचं विचारायला लागला. भाऊ काय करतात, येणंजाणं आहे का, व्यसन वगैरे, जमीनजुमला किती, लोकांत वजन किती. त्याच दिवसांत त्यांच्या मुलीचं, दीपमालाचं, लग्न वैजापूरला जमत आलं होतं. मुलाकडचे असंच कुणाला तरी नाव न सांगता चौकशीला पाठवतात, हे काय काकासाहेबांना नवं होतं? त्यांनी स्वतःही पाठवलं होतं. त्यांनी पाहुण्यासाठी चहा मागवला, समोसे मागवले, आणि जो भाऊ चार वर्षं बोलत नव्हता त्याच्या नावानं मनसोक्त फुशारक्या मारल्या. पुढच्या आठवड्यात वैजापूरचा होकार आला. लग्न आता पंधरा दिवसांवर होतं.

त्यांनी शर्टाचा माईक ओढून काढला. सदफ ‘काका, काका’ करत राहिली. ते मागच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि भावाचा नंबर लावला. रामकिसननं फोन लगेच उचलला.

“किसना, ते मीच बोललो रे,” काकासाहेब म्हणाले. “पोरीच्या लग्नापायी बोललो. मला काय माहीत तो सरकारी चौकशीवाला होता? आता बाहेर जाऊन सगळ्यांसमोर खरं सांगतो.”

“माहीत हाय मला, दादा. काल सरकारकडून कागद आला, तवाच तुझं बोलणं वळखलं.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. काकासाहेबांना त्याचीच भीती वाटली.

“तू काय बी बोलू नको,” रामकिसन म्हणाला. “तू खरं सांगितलंस तर दीपाचं लग्न मोडंल. परत चौकशी लागली तर तुलाच बोलावतील. म्हणून म्या नाव मागं घेतलं. सकाळी पत्र गेलं.”

बाहेर सदफचा फोन वाजला, मग कॅमेरेवाल्यांचे वाजले. बातमी पोचली होती. काकासाहेब पंपाच्या खोक्यावर बसले. घरच्यांसाठी भावानं एक तरी काम करावं म्हणून ते बावीस वर्षं रुसले होते, आणि ते काम आज त्यानं न मागता केलं होतं.

नातेवाइकांची कामं करतो म्हणणारा तो अहवाल सकाळपर्यंत अक्षरशः खोटा होता.