पडद्यावरचं पाखरू

पावणेनऊ झाले तरी समोरच्या पडद्यावरचं पाखरू कालच्याच जागी होतं.

धाकटीने आपल्या पडद्याची कड बोटभर सारून पुन्हा पाहिलं. पाखरू डाव्या पडद्यावर होतं. कालही तिथेच होतं. म्हणजे आज ते उजव्या पडद्यावर असायला हवं होतं. नऊ वर्षांत यात एका दिवसाचाही खंड पडला नव्हता.

समोर तिची थोरली जाऊ राहायची, एकटी. इकडे धाकटीही एकटीच. मध्ये एक अरुंद रस्ता आणि नऊ वर्षांचा अबोला. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते एकापाठोपाठ गेले, मुलं पोटापाण्यासाठी लांब गेली. मागे उरल्या या दोन जावा आणि त्यांचा हट्ट.

एके काळी दोघी मिळून पडद्यांचे दागिने करायच्या. कापडाची फुलं, मण्यांची पाखरं, मागे स्टीलचा चिमटा. पडदा गोळा करून चिमटा बसवला की साधं कापडही नटायचं. फुलं धाकटीची, पाखरं थोरलीची. पथ्य एकच होतं. पडदा धुण्याआधी चिमटे काढायचे आणि कापड खडखडीत वाळल्याशिवाय परत लावायचे नाहीत, नाहीतर गंजाचे डाग पडतात. एका मोठ्या हॉटेलला नेमकं हेच सांगायचं राहिलं. थोरलीला वाटलं धाकटीने सांगितलं असेल, धाकटीला वाटलं थोरलीने. साठ पडद्यांवर डाग पडले आणि धंदा बसला. भर दुकानात, चार लोकांदेखत धाकटी म्हणाली, "यापुढे तुमचं तोंड बघणार नाही!"

शब्द तिने पाळला. पण तोंड बघायचं नाही एवढंच ठरलं होतं, पडद्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. रोज सकाळी ती आपला पडदा बाजूला घेऊन त्याला फूल लावायची, आणि चहा गाळून खिडकीशी येईपर्यंत समोरचं पाखरू हललेलं असायचं. आज डावीकडे, उद्या उजवीकडे. म्हातारीला हा काय चाळा लागलाय, असं म्हणून ती नाक मुरडायची आणि मगच पहिला घोट घ्यायची. थोरली मात्र इकडे बघताना कधी दिसली नाही. तिचा ताठा लग्नातही असाच होता.

नऊ वाजले. चहावर साय धरली.

धाकटीने काल पडदा धुतला होता. ढगाळ हवेने तो काही वाळला नाही. दांडीवर तसाच ओलसर, सरळ सोडलेला होता. फूल डब्यात होतं. बंद पडद्याच्या कडेच्या फटीतून समोरची खिडकी तेवढी दिसत होती, खालचा रस्ता दिसत नव्हता.

उशिरा उठली असेल, तिने मनाला समजावलं. पण थोरली उशिरा उठणाऱ्यातली नव्हती. बाळंतीण असतानासुद्धा पाचला उठून बसायची आणि घरादाराला उठवायची. मग पडली असेल का? तिचे गुडघे कामातून गेलेत हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षं ती जिना उतरली नव्हती, वाणी सामान वर नेऊन द्यायचा. न्हाणीघरात पडली असेल तर हाक तरी कुणाला मारेल?

सव्वानऊला धाकटीने फोन हातात घेतला. नंबर पाठ होता. नऊ वर्षांत लावला नव्हता, पण विसरलाही नव्हता. रस्त्यापलीकडे घंटी वाजलेली इथपर्यंत ऐकू आली. ती वाजत राहिली. कुणी उचलला नाही. तिने पुन्हा लावला. पाखरू जागचं हललं नाही.

आता मात्र धाकटीचं धाबं दणाणलं. सकाळी उठून जिची वाट बघावी अशी एकच बाई आपल्याला जगात उरली आहे, हे तिला तेव्हा कळलं. आणि ती आत मरून पडली असेल, तर तिच्याशी शेवटचं बोलणं म्हणजे तोंड बघणार नाही, हेच. शब्द खरा व्हायची वेळ आली तेव्हा तिला तो नको झाला.

पायात हाताला लागतील त्या चपला सरकवून ती दार उघडं टाकून धावली. कठडा धरून एक मजला उतरली. पुढच्या वळणावर थबकली.

पायरीवर कुणीतरी भिंतीला टेकून बसलं होतं. पांढरे केस, मांडीवर काठी, डोळे मिटलेले.

"ताई!"

थोरलीने डोळे उघडले. तिला धाप लागली होती. नऊ वर्षांत ती किती वाळली होती! धाकटीला रडूच आलं. थोरलीने तिला वरपासून खालपर्यंत, थेट त्या दोन जोडांतल्या दोन चपलांपर्यंत न्याहाळलं. मग तिने काठी पायरीवर आपटली.

"जिवंत आहेस होय? मग पडदा का बंद ठेवलास?"

"ओला आहे, ताई. काल धुतला." धाकटी तिच्या शेजारी मटकन बसली. "पण तुमचं पाखरू हललं नाही, आणि मला वाटलं..."

"ते कसं हलेल?" थोरली डोळे पुसत खेकसली. "तुझं फूल दिसल्याशिवाय मी कधी पाखराला हात लावलाय का गं, धाकटे?"