कंदीलवाटेचा पाचवा भाग

"चार भाग झाले, पुरे झालं. पाचवा काढूच नका," असं काजव्यानं लिहिलेलं वाचलं आणि चष्मेवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

समोर एक आजोबा एक डोळा मिटून तक्त्यावरची अक्षरं वाचत बसले होते. त्यांना तसंच बसवून चष्मेवाल्यानं काउंटरखाली मोबाइल धरला आणि एका बोटानं उत्तर ठोकलं. "पुरे कसं? वाटसरू घराच्या दारात येऊन उभा राहिलाय. दार उघडलेलं कुठं दाखवलंय?"

'कंदीलवाट' हा खेळ काढणाऱ्या कंपनीनं यंदा निर्णय चाहत्यांवरच सोडला होता. पाचवा भाग हवा की नको? मतदान संध्याकाळी सहाला संपणार होतं. 'नको' जिंकलं तर खेळाला कायमचं टाळं, आणि चाहत्यांच्या गप्पांच्या पानालाही.

बाकीच्यांना खेळाची पडली होती. फौजदार नावानं लिहिणारा कोणी म्हणत होता की चौथा भाग म्हणजे निव्वळ पाणी घातलेलं दूध. डॉक्टरीणबाई नावाच्या कोणी तिसराच भाग खरा म्हणून अडून बसल्या होत्या. चष्मेवाल्याला मात्र एकच धास्ती होती. पान बंद झालं तर काजवा हातचा जाणार होता, आणि काजवा म्हणजे त्याचा मुलगा.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पोरगा दिवसभर हाच खेळ खेळतो म्हणून चष्मेवाल्यानं त्याचा मोबाइल भिंतीवर आपटला होता. मोबाइलच्या पाठीला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. पोरानं तो तसाच उचलून खिशात घातला आणि जो गेला तो गेला. ना पत्ता, ना फोन.

महिन्याभरात चष्मेवाल्याच्या छातीत कळ आली आणि ऑपरेशन झालं. यांना धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बायकोला बजावलं. तेव्हापासून ती त्याला मीठसुद्धा मोजून द्यायची. तो हिंडूफिरू लागल्यावर ती आठ दिवस बहिणीकडे जाऊन आली, आणि आल्यापासून कमी बोलायला लागली. पोराचा ध्यास घेतलाय हिनं, दुसरं काय, असं त्यानं ताडलं.

मग पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थानं 'काचवाला' असं नाव घेतलं आणि चोरून खेळ शिकायला घेतला. पहिले तीन महिने तर वाटेत येईल त्या विहिरीत पडला. पण चिकाटी सोडली नाही. हा खेळ जोडीनं खेळायचा असतो. कधी ना कधी पोरगा जोडीला येईल, एवढीच आशा.

आणि आला. काजवा नावाचा एक गडी जोडीला मिळाला. दार उघडण्याआधी तो स्वतःचा कंदील मालवायचा. खेळात असं कोणीही करत नाही, कारण अंधारात दार सापडत नाही आणि भुतं अंगावर येतात. पण चष्मेवाल्याच्या घरात बायकोची तशी शिस्त होती. आधी दिवा घालवायचा, मग दार उघडायचं. पोरगा ती सवय दुधाबरोबर प्यायला होता. ते पाहून चष्मेवाला दुकानातच ढसाढसा रडला.

ओळख मात्र त्यानं दिली नाही. बापाचं नाव ऐकताच पोरगा पुन्हा पळाला तर? बायकोलाही सांगितलं नाही, उगाच तिची आशा वाढायची. दुकान पुढं, घर मागं, मधे बोळ. रोज दुपारी ती मागं शिवणाला बसली की हा पुढं काजव्याबरोबर वाटेला लागायचा. गेल्या वर्षी काजवा चार दिवस गायब झाला, तेव्हा नेमकी बायकोही तापानं फणफणलेली. दोन्हीकडून जीव टांगणीला.

"हातभर अंतरावरचं दिसत नाही हो," असं ती मध्यंतरी म्हणाली होती.

"शिवणाला?"

"हं."

त्यानं स्वतः नंबर काढून चष्मा करून दिला होता.

आजोबांना चष्म्याची पावती देऊन त्यानं पुन्हा पान उघडलं. काजव्याचं उत्तर आलं होतं. "काचवाले, दार उघडून आत कोणीच नसलं तर? त्यापेक्षा इथंच थांबू द्या त्याला. खेळणाऱ्यांनी किती वर्षं असं चालत राहायचं? दमतात हो माणसं."

पोरगा दमलाय. आपण इतकी वर्षं गप्प बसलो हा शुद्ध मूर्खपणा झाला, असं चष्मेवाल्याला वाटलं. पावणेसहा वाजले होते आणि 'नको' बरंच पुढं गेलं होतं. त्यानं शटर अर्धं ओढलं आणि एकट्या काजव्याला दिसेल असं लिहिलं.

"काचवाला म्हणजे तुझा बाबा. त्या दिवशी चूक माझी होती. मोबाइल नवा घेऊन देतो, खेळ हवा तेवढा. आई रोज तुझी वाट बघते. घरी ये."

पाठवलं.

'काजवा लिहीत आहे' असं दिसलं. मग गेलं. पुन्हा दिसलं, पुन्हा गेलं. भिंतीवरच्या घड्याळात सहाला पाच कमी होते. शेवटी एक ओळ आली.

"मला आता हे नाही जमत."

मागं बोळातल्या दाराखालची उजेडाची पट्टी विझली. मग दार उघडलं.

दारात बायको उभी होती. नाकावर त्यानं केलेला चष्मा, आणि हातात मोबाइल. तिचा नव्हता. त्याच्या पाठीला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेलेला होता.

"त्या आठ दिवसांत मी बहिणीकडे गेले नव्हते हो," ती म्हणाली. "स्मशानात मी एकटीच होते."