सातवा सूर

"मधलं बोट पुन्हा मागे राहिलं, काका," मास्तरीणबाई म्हणाल्या. "शेजारच्या बोटाला खेटून ठेवा. सातवा सूर खाली पडतोय."

काकांनी व्हायोलिन हनुवटीखाली घट्ट धरलं. उभा जन्म किल्ल्या घासण्यात गेलेला. केसाएवढा फरक म्हणजे काय, हे कुलूपवाल्याला वेगळं सांगायला नको. पण ही तार महाबिलंदर!

"स्केल राहू दे. एखादी सोपी धून बसवू. बाईंना तेवढीही आवडेल."

"छे! मेजर स्केलच. सा ते वरचा सा, आठही सूर चोख यायला हवेत. तिच्यापुढे वाजवायचंय."

बाई म्हणजे काकांची बायको आणि मास्तरीणबाईंची गुरू. आजारातून बाई उठल्या, हिंडूफिरू लागल्या, पण बोलणं गेलं ते गेलंच. डॉक्टरांनीही हात टेकले. तेव्हा काकांनी बायकोचं व्हायोलिन कपाटावरून खाली काढलं. पहिल्या दिवशी घरी त्यांनी जो काही कर्कश आवाज काढला, त्यावर बाई नुसत्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. तेव्हापासून सगळा सराव मास्तरीणबाईंकडेच.

"आमच्याशीही तश्शाच वागायच्या," मास्तरीणबाई हसून म्हणाल्या. "सगळंच बेसूर असलं की खिडकीबाहेर नजर. सगळं नीट आलं की नुसती मान हलवायच्या. पण एवढीशी चूक राहिली ना, की मग आमची काही खैर नसायची!"

"माहितीये," काका म्हणाले आणि त्यांनी पुन्हा गज तारेवर ठेवला.

बोटांची सालटी निघाली. मास्तरीणबाईंच्या शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. "बाबा, या वयात कशाला जिवाला त्रास?" मुलगी वैतागली. काका हट्टाला पेटले होते. आणि एका सकाळी आठही सूर आले, स्वच्छ, एकामागोमाग एक. काकांनी पुन्हा वाजवून पाहिलं. पुन्हा आले. मास्तरीणबाईंचे डोळे भरून आले.

"जा, आता बाईंना ऐकवा. आणि घाबरून चुकू नका हं!"

घरी बाई नेहमीच्या खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. काका समोर उभे राहिले. पहिला सूर चोख आला, दुसरा, तिसरा... सहाव्याला बाईंनी खिडकीवरून नजर हटवली.

सातव्याला काकांनी मधलं बोट हळूच, केसाएवढं मागे ओढलं.

"अहो," बाई म्हणाल्या, "सातवा खाली गेला. पुन्हा वाजवा."