बाभळीकडे बघताना

प्रभावतीबाईंनी गोदावरी रंगवली, पल्याडचा काठ रंगवला आणि मधोमध नावेएवढी जागा कोरीच सोडली. नाव तर समोरच होती, काठाला बांधलेली.

"नाव राह्यली की," रामप्रसाद म्हणाले. ब्रशचं पाणी बदलून द्यायला ते बायकोबरोबर रोज नदीवर येत.

"नावेकडं बघितलं की नाव गायब. नुसता धुरकट ठिपका दिसतो."

बाईंच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली, ती आता परत यायची नाही, असं जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तेव्हापासून रामप्रसादांचा जीव थाऱ्यावर नव्हता. आपला चेहरा तिच्या नजरेतून सुटू नये म्हणून बाई भिंतीकडे वळल्या की हे भिंतीपाशी जाऊन बसत. खिडकीकडे वळल्या की खिडकी अडवत. आणि बाई पुन्हा तिसरीकडेच बघत. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर बायकोनं तोंड फिरवावं, हे त्यांना फार लागलं होतं. बोलले मात्र नव्हते.

आता बाईंनी मान वळवली ती लांब डावीकडच्या बाभळीकडे. नजर तिथंच ठेवून हात चालवला. कोऱ्या जागेत नाव उतरली. तिचं वर उचललेलं टोक आलं, आडवं टाकलेलं वल्हं आलं, नावाड्यानं वाळत घातलेला टॉवेलसुद्धा आला.

"बघून राह्यली बाभळीकडं, अन् नाव कशी काय आली?"

"मला कडेकडेनं दिसतं. बाजूला बघितलं की बराबर दिसतं."

"मंग आधी सांगायचं न्हाई का!"

"मान आपसूक वळायची, का ते आता कुठं उमगलं मलाबी. अन् तुम्ही काय कमी हायेत? जरा तुम्हाला नीट बघावं म्हणलं, की उठून समोर येता अन् दिसेनासे होता."

रामप्रसाद पाण्याचं भांडं धरून उभेच राहिले. ती भिंत आठवली, ती खिडकी आठवली. सवयीनं ते तिच्यासमोर जायला निघाले आणि मध्येच थांबले. परत जागेवर आले. फोटोला उभं राहावं तसे ताठ उभे राहिले.

प्रभावतीबाईंनी त्यांच्यावरची नजर काढली आणि बाभळीकडे वळवली. बराच वेळ तिकडेच बघत राहिल्या.

"दाढी किती वाढलीय हो," त्या म्हणाल्या.